ऑक्सिजन फुल्ल आहे, मग सॅच्युरेशन का चढत नाही? आयसीयूतल्या हेल्मेटबद्दल थोडं

आत पंधरा लिटरने ऑक्सिजन चालू आहे, मास्कची पिशवी टम्म फुगलीये आणि तरी मॉनिटरवरचा आकडा ८५-८६ च्या वर सरकत नाही, हे आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांना काही केल्या पटत नाही. मग सुरू होतं, "डॉक्टर अजून वाढवा ना ऑक्सिजन", "सिलिंडर संपत आलाय का बघा", "मुंबईला हलवायचं का". नाशिकमध्ये २०२१ च्या एप्रिलमध्ये हे इतक्या घरांनी अनुभवलंय की सॅच्युरेशन हा शब्द आता आपल्याकडे आजीबाईंनाही पाठ आहे. पण ऑक्सिजन वाढवूनही आकडा का चढत नाही हे मात्र तेव्हा कोणाला नीट सांगायला वेळ नव्हता, आणि ते कळल्याशिवाय ते पारदर्शक हेल्मेट, म्हणजे अंतराळवीरासारखं दिसणारं, गळ्यापर्यंत येणारं प्लॅस्टिकचं डबडं, नेमकं करतं काय ते कळणार नाही.

फुफ्फुसात हवेचे बारीक बारीक फुगे असतात, शाळेत वायुकोश म्हणून शिकलो ते. मोठ्या माणसात सरासरी ४८ कोटीच्या आसपास. प्रत्येकाच्या भिंतीला लागून रक्ताच्या केसासारख्या नळ्या, इकडून ऑक्सिजन आत, तिकडून कार्बन डायऑक्साइड बाहेर. जबरदस्त न्यूमोनिया झाला, किंवा अंगभर इन्फेक्शन पसरलं, की या फुग्यांच्या भिंती गळायला लागतात, आत पाणी साचतं, काही फुगे भरून जातात, काही मिटून जातात. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉक्टरांनी असे १२ पेशंट एकत्र मांडून या आजाराचं चित्र पहिल्यांदा नीट रेखाटलं, आज त्याला एआरडीएस म्हणतात. मिटलेल्या फुग्याजवळून रक्त जातं ते जसं आलं तसंच, ऑक्सिजन न घेता पुढे जातं. त्याच्यावर कितीही शुद्ध ऑक्सिजन सोडा, तो तिथपर्यंत पोचतच नाही ना. बरं, उरलेले चांगले फुगे जास्त काम करून भरपाई करतील म्हणावं तर तेही होत नाही, कारण त्यांच्याजवळचं रक्त आधीच जवळजवळ शंभर टक्के भरलेलं असतं, त्यात अजून कोंबायला जागाच नाही. मग हे भरलेलं आणि ते रिकामं रक्त एकत्र मिसळतं आणि बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ८५ दाखवतो.

म्हणजे इथे ऑक्सिजन वाढवून भागत नाही, मिटलेले फुगे उघडायला हवेत, आणि उघडल्यावर उघडे ठेवायला हवेत. यात दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. भद्रकालीच्या बाजारात भाजीवाला नवीन कॅरीबॅग काढतो (बंदी आहे, माहितीये, तरी काढतोच) तेव्हा तिचं तोंड चिकटलेलं असतं, बोटांनी चोळून चोळून जीव जातो, पण एकदा उघडून आत जराशी हवा राहिली की पुढे काही कष्ट नाहीत. वायुकोशाचं अगदी तसंच आहे, ओल्या भिंती एकमेकींना चिकटल्या की उघडायला खूप जोर लागतो, आणि पेशंट प्रत्येक श्वासाला तो जोर लावत असतो, मानेच्या शिरा ताणून, मिनिटाला ३५-४० वेळा. श्वास सोडल्यावरही आत थोडा दाब शिल्लक ठेवला तर फुगा पूर्ण मिटतच नाही. या शिल्लक दाबाला डॉक्टर लोक पीप म्हणतात. डेन्व्हरवाल्यांनाही तेव्हाच दिसलं होतं की यानेच फरक पडतोय.

किती दाब? साधारण ८ ते १२ सेंटीमीटर पाणी. म्हणजे १० सेंटीमीटर उंच पाण्याचा ग्लास तळाला जेवढा दाब देतो तेवढाच. हवेच्या एकूण दाबाच्या जेमतेम एक टक्का. आता इथे एक मजेशीर शंका येते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, कसारा घाट उतरून मुंबईला गेलं की हवेचा दाब ६०-७० सेंटीमीटर पाण्याइतका वाढतो, घाटात कान बंद होतात ते त्यामुळेच. मग हेल्मेटच्या सहा-सातपट दाब फुकटात मिळतोय की, पेशंटला नुसतं मुंबईला नेलं तरी फुगे उघडायला हवेत! पण नाही उघडत. कारण मुंबईची हवा तोंडातून आत जेवढं ढकलते तेवढंच बाहेरून छातीलाही दाबते, दोन्हीकडून सारखं, फिट्टमफाट. (हवेतला ऑक्सिजन थोडा जास्त मिळेल, ते वेगळं.) फुगा उघडायला आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त पाहिजे. सगळी गंमत या फरकात आहे, आणि म्हणून हेल्मेटमध्ये फक्त डोकं आत असतं आणि छाती बाहेर. डोक्याभोवतीची हवा जास्त दाबाची, छातीभोवतीची आपली नेहमीची.

जुन्या फोटोत पोलिओचे पेशंट लोखंडी पिंपात झोपलेले दिसतात, फक्त डोकं बाहेर, ती आयर्न लंग, १९२८ मध्ये बॉस्टनमध्ये पहिल्यांदा वापरली. तिथे शरीर आत आणि पिंपातली हवा खेचून छाती फुलवायची. हेल्मेट म्हणजे तेच गणित उलटं करून मांडलेलं. आणि डोकं बंद करायची कल्पना तरी कुठे नवीन आहे, १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना असा सततचा दाब दिला तेव्हा काहींना घशात नळी न घालता डोक्याभोवती प्लॅस्टिकची पेटी बसवूनच दिला होता. मोठ्यांसाठीची हुड आधी जास्त दाबाच्या ऑक्सिजन चेंबरमधल्या उपचारांसाठी वापरात होती, तिथून ती इटलीतल्या आयसीयूंनी उचलली आणि २००० नंतर तिथे ती नेहमीची गोष्ट झाली. कोविडच्या पहिल्या लाटेत टीव्हीवर इटलीच्या वॉर्डात बुडबुड्यात बसलेली माणसं दिसली ना, ती त्यामुळे.

आता कोणी म्हणेल, दाबच द्यायचाय तर बायपॅपचा, म्हणजे मशीनने दाबाची हवा देणारा, मास्क आहेच की. आहे, आणि बऱ्याच पेशंटला, विशेषतः दमेकरी फुफ्फुसं असून कार्बन डायऑक्साइड साठलेल्यांना तोच बरा. पण मास्क चेहऱ्यावर घट्ट दाबून बसवावा लागतो. दाब वाढवला की कडेने हवा सुटते, डोळ्यांत जाते, दाढी असेल तर विचारूच नका, दात काढून ठेवलेल्या आजोबांच्या गालांत तर खड्डेच, तिथून सगळा दाब फुस्स. दोन दिवसांत नाकाच्या हाडावर जखम. पेशंट वैतागून मास्क ओढून काढतो, आणि काढला की पाच-दहा मिनिटांत फुगे पुन्हा मिटायला लागतात, म्हणजे अर्ध्या दिवसाची कमाई पाण्यात. हेल्मेटचा खरा फायदा मला विचाराल तर हा आहे, ते तासन्‌तास सोसवतं. दाब तोच, पण सलग.

घालायची पद्धत बघण्यासारखी असते. आधी टेपने मानेचा घेर मोजून साइज ठरवतात. मग हवा चालू करतात, आधी हवा मगच डोकं, हा क्रम उलटा चालत नाही. दोन जण दोन बाजूंनी कॉलरचं मऊ रबर हातांनी ताणून मोठं करतात, पेशंटला सांगतात डोळे मिटा, आणि झटकन डोक्यावरून खाली. रबर मानेला चिकटलं की हेल्मेट फुगून वर उचललं जायला लागतं, आतला दाब ते उडवून लावायला बघतो, म्हणून काखेतून पट्टे घेऊन खाली बांधतात. हे पट्टे काखेत काचतात, काही तासांनी सिस्टर तिथे पॅड सरकवतात, नाहीतर नाकाची जखम वाचली आणि काखेत झाली असा प्रकार. कान थोडे बंद होतात, घाटातल्यासारखे. पण चेहरा मोकळा. पेशंट खोकू शकतो, चष्मा ठेवू शकतो, छोट्या झाकणातून स्ट्रॉ घालून पाणी पिऊ शकतो, घरच्यांना त्याचा चेहरा दिसतो. बोलताही येतं, ऐकू मात्र कमी येतं, कारण आत हवेचा भयंकर आवाज असतो, इटलीत मोजला तेव्हा १०० डेसिबलच्या आसपास भरला होता, मिरवणुकीच्या डीजेशेजारी उभं राहिल्यासारखा. इअरप्लग देतात, हवा येते त्या तोंडाशी फिल्टर बसवला तरी आवाज उतरतो. तरी काहींना डबडं डोक्यावर आल्यावर घुसमट होतेच, त्यांच्याशी पहिला अर्धा तास कोणीतरी बोलत बसावं लागतं, आणि हे काम मशीन करत नाही.

एवढी हवा लागतेच का? लागते. हेल्मेटच्या आत १२ ते १८ लिटरची पोकळी असते आणि पेशंट त्यातच श्वास सोडतो. ती सतत धुवून काढली नाही तर तो स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा ओढत बसेल. म्हणून सतत हवा सोडायच्या पद्धतीत मिनिटाला कमीत कमी ४० ते ६० लिटर वाहती ठेवावी लागते, एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने दाब राखणाऱ्या व्हॉल्व्हमधून बाहेर. व्हेंटिलेटर नसला तरी हे जमतं, हीच त्याची मोठी सोय. सप्लाय अचानक बंद पडला तर बाहेरची हवा आत घेणारा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, पण तो तेवढ्यापुरताच, तेव्हा कोणीतरी धावत येऊन हेल्मेट काढायलाच हवं.

मग उपयोग किती, हा खरा मुद्दा. २०१६ मध्ये शिकागोच्या एका हॉस्पिटलातला अभ्यास छापून आला, एआरडीएसचे ८३ पेशंट, निम्म्यांना मास्क, निम्म्यांना हेल्मेट. मास्कवाल्या ३९ पैकी २४ जणांना शेवटी घशात नळी टाकावी लागली, हेल्मेटवाल्या ४४ पैकी फक्त ८ जणांना. ९० दिवसांनी मृत्यूही कमी दिसले, ५६ टक्क्यांऐवजी ३४. फरक इतका मोठा की अभ्यास मध्येच थांबवला. पण हॉस्पिटल एकच, पेशंट थोडे, त्यामुळे इथे जरा हात आखडूनच टाळ्या वाजवायला हव्यात. मग कोविडमध्ये इटलीतल्या चार आयसीयूंनी १०९ पेशंटवर हेल्मेट आणि नाकातून जोरात ऑक्सिजन देणारं हाय फ्लो मशीन यांची तुलना केली, २०२१ मध्ये निकाल आला. नळी लागण्याचं प्रमाण हेल्मेटमध्ये ३० टक्के आणि हाय फ्लोमध्ये ५१, पण कोणत्याही श्वासाच्या आधाराशिवाय काढलेले दिवस, जे त्यांनी मुख्य माप ठरवलं होतं, त्यात सांगण्यासारखा फरक नाही, आणि मृत्यूही सारखेच. २०२२ मध्ये सौदी आणि कुवेतच्या ३२० पेशंटांचा अभ्यास आला, त्यात २८ दिवसांतले मृत्यू हेल्मेटमध्ये २७ टक्के, नेहमीच्या उपचारांत २६. म्हणजे काहीच फरक नाही. आता यातून हेल्मेट फालतू असा निष्कर्ष काढणारेही आहेत. मला तसं वाटत नाही. इटलीतल्या लोकांचा त्यावर वर्षानुवर्षांचा हात बसलेला होता, दाब किती ठेवायचा, कधी काढायचा, पट्टे कसे बांधायचे सगळं अंगवळणी, आणि ही वस्तू कॅटलॉगमधून मागवून दुसऱ्या दिवशी तशीच चालेल असली नाहीये.

शिवाय हेल्मेटमुळे एक धोका वाढतो, तोही आरामामुळेच. पेशंट शांत दिसतो, सॅच्युरेशन ९४, मोबाइल बघतोय, सगळे खूष. पण आतून तो अजूनही जिवाच्या आकांताने श्वास ओढत असेल तर ती ओढच फुफ्फुसाला इजा करते, आधीच सुजलेल्या भागावर ताण येऊन सूज आणखी वाढते. मास्कवर पेशंटने किती हवा घेतली ते मशीन बऱ्यापैकी दाखवतं, हेल्मेटवर तो आकडा भरवशाचा नसतो, कारण हेल्मेट स्वतःच हलत असतं. म्हणून डॉक्टर सॅच्युरेशनपेक्षा बाकीचं बघतात, श्वासाचा वेग उतरला का, मानेचे स्नायू ताणलेले आहेत का, रक्ताच्या तपासणीत काय आलंय. पहिल्या काही तासांत हे सुधारलं नाही तर नळी टाकून व्हेंटिलेटरवर घ्यावंच लागतं, आणि तिथे "अजून एक रात्र बघू ना" म्हणणं पेशंटला महागात पडतं. नातेवाईक हे प्रेमापोटी म्हणतात, कळतं, पण थकून कोसळल्यावर घाईगडबडीत टाकलेल्या नळीत धोका जास्त असतो. गुंगीत असलेल्या, उलट्या होत असलेल्या किंवा बीपी पडलेल्या पेशंटला तर हेल्मेट लावतच नाहीत.

आणि ऑक्सिजनचा खर्च. साठ लिटरची हवा साठ टक्के ऑक्सिजनची हवी असेल तर त्यात मिनिटाला सुमारे ३० लिटर शुद्ध ऑक्सिजन जातो. सात हजार लिटरचा जम्बो सिलिंडर चार तासांच्या आत रिकामा, दीड हजार लिटरचा छोटा पन्नास मिनिटांत. २१ एप्रिल २०२१ ला आपल्या शहरातल्या एका हॉस्पिटलात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून सप्लाय तुटला आणि वीसहून जास्त माणसं गेली, त्यामुळे नाशिककरांना हे गणित वेगळं समजावून सांगायची गरज नाही. पाइपलाइन, टाकी, प्रेशरचा अलार्म आणि तो अलार्म ऐकून उठणारा माणूस, हे पक्कं असेल तिथेच हेल्मेट. त्या लाटेत घेतलेले पाच-दहा लिटरचे कॉन्सन्ट्रेटर अजून बऱ्याच घरांत माळ्यावर पडून आहेत आणि हेल्मेट ऑनलाइन मिळतं का असं विचारणारेही भेटतात, तर ही जोडी घरी अजिबात लावायची नाही. दहा लिटरमध्ये दाब तर तयार होत नाहीच, वर पेशंटचा कार्बन डायऑक्साइड आतच साठत जातो, आणि ऑक्सिमीटर त्याबद्दल काही सांगत नाही, तो आपला ९६ दाखवत राहतो.