जोडी सुटल्यावरचा पहिला अल्बम : खान्देशी गाण्याची पार्श्वभूमी

गाजलेल्या जोडीतला एक जण बाहेर पडून स्वतःच्या नावावर अल्बम काढतो, तेव्हा चर्चा भांडणाचीच होते. कोणी कोणाला दुखावलं, मानधनात कोणाचा हात मोठा होता वगैरे. खान्देशापुरता त्याच्या आधीचा प्रश्न जास्त अवघड आहे. एकट्याने गायचं, तर गायचं काय? इथलं लोकप्रिय गाणं बहुतेक वेळा दोघांसाठीच रचलेलं असतं.

हे कॅसेटवाल्यांनी सुरू केलेलं नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गौराई घेऊन पोरी नदीवर जातात आणि पलीकडच्या काठावर दुसऱ्या गावच्या पोरी दिसल्या की गाण्यातूनच एकमेकींचं उणंदुणं निघतं, अगदी शिव्यांपर्यंत. जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या. एकीने ओवी धरायची, दुसरीने उचलायची. वहीगायन या इथल्या लोकगायनात डफाच्या ठेक्यावर मुख्य गायक ओळ टाकतो आणि साथीदार ती झेलतात. तमाशातला सवाल-जवाब तर सगळ्यांच्या परिचयाचा. एकट्या आवाजाचं उदाहरण म्हणून असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींचं (१८८०–१९५१) नाव घ्यावं, तर त्यांची गाणी कागदावर उतरवायला मुलगा सोपानदेव आणि घरातली माणसं लागली, आणि पुस्तक आलं ते त्या गेल्यावर, १९५२ साली. (त्यांची बोली लेवा गणबोली; खान्देशातली दुसरी मोठी बोली अहिराणी, ती नव्हे. खान्देशाबाहेरचे लोक दोन्हींना सर्रास एकत्र करतात.)

१९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. गुलशन कुमार यांची टी-सिरीज १९८३ची. तबकडी काढायला कारखाना लागायचा; कॅसेटच्या प्रती काढायला एवढा बारदाना लागत नव्हता. त्यामुळे देशभर बोलीभाषांच्या गाण्यांना बाजार मिळाला, तसा अहिराणीलाही मिळाला. या बाजाराने जुना साचा जसाच्या तसा उचलला. पोरगा छेडतो, पोरगी फटकारते, मध्ये बेंजो. वेष्टनावर दोघांचे फोटो, आणि गिऱ्हाईक जोडीच्या नावाने कॅसेट मागणार.

पैशाचा व्यवहार बहुधा एकरकमी असे. गाणं दिलं, पैसे घेतले, विषय संपला. गायकाला कलावंत म्हणून कायद्यात वेगळे हक्क मिळाले तेच मुळी कॉपीराइट कायद्याच्या १९९४च्या दुरुस्तीने. रॉयल्टीतल्या वाट्याची तरतूद आली २०१२च्या दुरुस्तीने. गावोगावच्या कलाकारांपर्यंत त्यातलं किती पोचलं, हा वेगळाच विषय. जोडी फुटली की गाणी निर्मात्याकडे राहायची आणि दोघांच्या हाती उरायचा तो फक्त गळा.

परदेशातल्या दोन प्रसिद्ध फुटींशी ताडून पाहिलं की फरक कळतो. ब्रिटनच्या व्हॅम या पॉप जोडीचा शेवटचा कार्यक्रम जून १९८६मध्ये लंडनच्या वेम्ब्लीवर झाला आणि तिच्यातल्या जॉर्ज मायकलचा पहिला एकट्याचा अल्बम १९८७च्या शरद ऋतूत आला. पण स्वतःच्या एकट्या नावावर गाणं काढून त्याने १९८४मध्येच पाणी जोखलं होतं, आणि जोडीची बहुतेक गाणी लिहिणाराही तोच होता. अमेरिकेतल्या सायमन-गारफंकल जोडीतल्या पॉल सायमनचंही तेच. गारफंकलबरोबरची गाणी जवळपास सगळी त्याचीच. १९७०मध्ये वेगळा झाल्यावर १९७२च्या अल्बमसाठी तो एक गाणं ध्वनिमुद्रित करायला जमैकाला गेला, तिथले वादक घेतले, ठेकाच बदलला. नुसता दुसरा आवाज वगळून तो थांबला नाही. आपल्याकडे गायक, गीतकार आणि निर्माता बहुतेकदा तीन वेगळी माणसं असतात. म्हणून बाहेर पडणाऱ्या गायकाला आधी गाणं लिहिणारा शोधावा लागतो.

२०१६मध्ये जिओमुळे मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि अहिराणी गाणं यूट्यूबवर पसरलं. अल्बमला आठ गाण्यांची गरज उरली नाही. एक गाणं, एक व्हिडिओ, झाला अल्बम. पण जुनं दुखणं नव्या जागी आलं. चॅनेल ज्याच्या नावावर, प्रेक्षक त्याचे. जोडीतून निघणाऱ्याला शून्यापासून सुरुवात. नव्या चॅनेलला जाहिरातीचे पैसे मिळवायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं (किंवा शॉर्ट्सचे मोठे आकडे) एवढं आधी जमवावं लागतं. चॅनेल कोणाच्या ईमेलवर उघडलंय हे पूर्वी कोणी विचारत नसे; आता ते पहिल्याच दिवशी विचारावं, असं माझं मत आहे.

जोडीचा अर्थही सरकतोय. २०२४मध्ये ‘गुलाबी साडी’ने देशभर नाव काढलेला संजू राठोड जळगाव जिल्ह्यातला. गाणं मराठी, आवाज त्याचा, पण संगीताला भाऊ जी-स्पार्क. म्हणजे जोडी आहेच. फक्त दुसरा माणूस माइकसमोर नसून कॉम्प्युटरवर बसलेला असतो. अशी जोडी फुटली, तर ऐकणाऱ्याला आवाज तोच वाटेल आणि गाणं मात्र वेगळं लागेल.

स्टेजवर तर सुटका आणखी अवघड. लग्नसराईत सुपारी मिळते ती जुन्या गाण्यांच्या जोरावर, आणि लोक फर्माइश करतात ती जोडगाण्याची. मग दुसऱ्या बाजूला नवा आवाज उभा करावा लागतो आणि समोरचे तुलना करत बसतात. त्या मानाने देवीचं गाणं सोयीचं. एक गळा आणि मागे कोरस पुरतो, छेडणारी-फटकारणारी कोणी लागत नाही. श्रावणात खान्देशाची देवी कानबाई घरोघर येते, चैत्रात खान्देशातून सप्तशृंगी गडाकडे पायी जथे निघतात, म्हणजे वर्षातून दोनदा ऐकणारे नव्याने मिळतात. एकट्याने पहिला अल्बम काढणाऱ्याने प्रेमगीताआधी याचा विचार करावा.