सांडपाण्यावर शेती : प्रकल्प ठरवण्याआधी वाचण्यासाठी

जत, आटपाडी, माण, खटाव या भागांतून आमच्या सांगलीच्या ऑफिसात येणाऱ्या ग्रामपंचायतींचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा खर्चाचा असतो: गावाचे सांडपाणी स्वच्छ करून शेतीला देणारा प्लँट आम्ही बांधतो, त्याच्या खर्चाचा. आमची विनंती अशी की, त्याआधी एक गोष्ट ठरवून या: स्वच्छ झालेले पाणी कोणत्या महिन्यात, कोणत्या पिकाला देणार? हे ठरले की टाकी केवढी, तळे केवढे, पंप कुठला, हे सगळे त्यातूनच निघते. हे ठरलेच नाही, तर उत्तम बांधलेला प्लँटही शेवटी ओढ्यालाच पाणी सोडत राहतो.

कालव्याच्या पाण्याचे आवर्तन, म्हणजे पाळी, कधी मिळेल याची वाट पाहावी लागते, आणि पर्जन्यछायेत पाऊस सरासरी 500 मिलिमीटरच्या आसपास. सांडपाणी मात्र दुष्काळातही रोज येते. 3,000 वस्तीच्या गावात नळयोजनेतून माणशी 55 लिटर पाणी मिळत असेल, तर त्यातले साधारण 80 टक्के म्हणजे 1 लाख 32 हजार लिटर रोज सांडपाणी होते. शोषखड्डे, वाटेत मुरणे हे वजा करून आम्ही 1 लाख लिटर धरतो. उन्हाळ्यात डाळिंबाच्या मोठ्या झाडाला ठिबकने दिवसाला 40 लिटर धरले, तर 2,500 झाडे होतात. एकरी 300 झाडांच्या लागवडीत ही आठ एकर बाग झाली.

कागदावर एवढेच दिसते. अडचण पुढे आहे. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरचा फुलोरा, धरणाऱ्या बागेला एप्रिल-मेमध्ये ताण द्यावा लागतो. झाडाला पाणी नको असते, आणि गटार तर रोज वाहत असते. 30 बाय 30 बाय 3 मीटरच्या, उतरत्या बाजूंच्या शेततळ्यात सुमारे 22 लाख लिटर मावतात, म्हणजे तीन आठवड्यांत तळे काठोकाठ. शिवाय मे महिन्यात दिवसाला 8 मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तरी त्या तळ्यातून रोज 7 हजार लिटर उडून जातात. म्हणून नुसत्या डाळिंबाच्या भरवशावर आम्ही प्रकल्प आखत नाही. बागेच्या जोडीला नेपियर गवताचे दोन-तीन एकर धरतो. बाग ताणावर असते, त्याच महिन्यांत आटपाडीच्या खिलार जनावरांना आणि माडग्याळच्या मेंढ्यांना चारा मिळेनासा होतो. चारा छावण्यांचे उन्हाळे ज्यांनी काढले, त्यांना या हिरव्या गवताचे मोल वेगळे सांगायला नको.

वाळवंटी देशांनीही हाच प्रश्न आधी सोडवला. इस्रायलमध्ये तेल अवीव परिसराचे सांडपाणी शाफदान प्रकल्पात शुद्ध होते, वाळूच्या थरांतून जमिनीत मुरवले जाते आणि पुन्हा उपसून नळाने नेगेवच्या वाळवंटातल्या शेतीला जाते. देशातले बहुतांश सांडपाणी असे शेतीत येते, आणि हिवाळ्यातले पाणी उन्हाळ्यासाठी राखायला मोठे साठवण तलाव बांधलेले आहेत. जॉर्डनमध्ये अम्मान आणि झर्का शहरांचे सांडपाणी अस-सामरा प्रकल्पातून पुढे किंग तलाल धरणात जाते, तिथे गोड्या पाण्यात मिसळते आणि मग जॉर्डन खोऱ्यातल्या शेतांना मिळते.

ही मिसळण्याची गोष्ट आपल्या कामाची आहे. कारण आमच्या प्लँटने क्षार जात नाहीत. हे आम्ही काम घेण्याआधीच स्पष्ट सांगतो. मुळात बोअरचे पाणी मचूळ असेल, तर साबण, धुण्याची पावडर आणि मीठ मिळून गटारात ते आणखी क्षारयुक्त होते. कृष्णाकाठी मिरज, वाळवा, पलूस भागात जास्त पाण्याने क्षारपड झालेली जमीन सगळ्यांनी पाहिली आहे. तसे होऊ नये म्हणून भारी काळ्या जमिनीला हे पाणी एकटे देऊ नका. निचऱ्याची मुरमाड जमीन निवडा, टेंभू किंवा म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी येईल तेव्हा मिसळून द्या, आणि वर्षातून एकदा माती तपासा.

प्लँटमध्ये काय असते ते थोडक्यात. गटाराच्या तोंडाशी जाळी, मग वाळू आणि तेलकट तवंग अडवणारी टाकी. पुढे आडभिंतींची बंद टाकी, जिथे हवेशिवाय जगणारे जिवाणू घाण कुजवतात. आपल्या उन्हात ते जोमाने काम करतात. नंतर कर्दळ आणि पाणकणीस लावलेला खडीचा वाफा. पाणी खडीच्या पोटातून वाहते, वर दिसत नाही, त्यामुळे डास होत नाहीत. शेवटी वाळूची गाळणी आणि क्लोरीन. जागेला उतार असेल तर वीज फक्त तळ्यात पाणी चढवायला लागते. तळे सोडून दहा-पंधरा गुंठे जागा पुरते.

जागतिक आरोग्य संघटनेने 1989 मध्ये अशा शेतीसाठी 100 मिलिलिटर पाण्यात विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जिवाणू 1,000 पर्यंत आणि लिटरला जंताचे जास्तीत जास्त एक अंडे अशी मर्यादा सुचवली. आम्ही तीच धरतो. तरीही कोथिंबीर, मेथी, काकडी, गाजर या पाण्यावर घेऊ नका. चाऱ्याला कापणीआधी काही दिवस पाणी तोडा. निर्यातीच्या द्राक्षबागेला तर खरेदीदाराशी बोलल्याशिवाय अजिबात नको.

खताचा हिशेबही बदलतो. लिटरला 20 मिलिग्रॅम नत्र उरले, तर 1 लाख लिटरमधून रोज 2 किलो नत्र शेतात जाते. दहा दिवसांत युरियाची जवळजवळ एक गोणी. नेपियरला हे सोन्यासारखे; डाळिंबाला फळ पक्व होताना मात्र नुसता पाला वाढतो. तेव्हा वरून युरिया बंद करा.

देखभालीला माणूस नेमा. जाळी रोज सकाळी साफ झाली पाहिजे, एक दिवसही चुकवू नका. गाळ दोन-तीन वर्षांनी काढायचा, फिल्टर आणि लॅटरल (ठिबकच्या नळ्या) नियमित धुवायच्या. डेअरीचे धुणे किंवा कारखान्याचे पाणी या गटारात जोडू देऊ नका.

आमच्याकडे येण्याआधी मुख्य गटाराच्या तोंडाशी वीस लिटरची बादली लावून मोजणी करा. सकाळी सहा ते नऊ दर अर्ध्या तासाला, पुढे दिवसभर दर दोन तासांनी, बादली भरायला किती सेकंद लागले ते वहीत लिहा. असे तीन दिवस करा, त्यात एक आठवडे बाजाराचा असू द्या. ही वही, गावाचा नकाशा आणि बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल घेऊन या. त्यानंतर आम्ही जागा पाहायला येतो. त्या पहिल्या भेटीचे पैसे घेत नाही.