कथाधारित कलाप्रकल्पाचे नियोजन (कोल्हापूर)

कथाधारित कलाप्रकल्प : कल्पित गोष्ट चित्रमालिका, चित्रपुस्तक, मातीकाम, देखावा किंवा चलच्चित्र यांतून सांगणारे कलाविद्यार्थ्याचे दीर्घ मुदतीचे काम. वस्तुचित्र किंवा व्यक्तिचित्र एकदोन बैठकांत पुरे होते. कथाप्रकल्पाला काही आठवड्यांपासून अख्ख्या सत्रापर्यंत वेळ लागतो आणि त्यातला बराच काळ रंगाला हात न लावता जातो. हा काळ नियोजनाचा. विद्यार्थ्यांना तो वाया गेल्यासारखा वाटतो. फसलेले प्रकल्प मात्र बहुधा याच काळात फसलेले असतात, ते कळते नंतर.

या प्रकाराशी पहिली तोंडओळख शासकीय रेखाकला परीक्षांतील स्मरणचित्रातून होते. बाजार, जत्रा, पाण्याचा नळ असा प्रसंग मुले मनाने काढतात. प्रसंग म्हणजे गोष्ट नव्हे. नळावर बायका उभ्या आहेत हा प्रसंग. रांगेतली एक घागर सकाळपासून कोणाचीच नाही, ही गोष्टीची सुरुवात. हा फरक एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या सरावात सुटून जातो आणि पुढे चित्रमालिका करताना आठ चौकटींत एकच प्रसंग आठ बाजूंनी काढला जातो.

चित्रांतून गोष्ट सांगण्याची रीत या पट्ट्यात जुनी आहे. घाटाखाली सिंधुदुर्गातील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथी सुट्या चित्रांची पोथी पुढ्यात ठेवून, एकेक पान दाखवत रामायण-महाभारतातील आख्याने गातात. तेथे चित्राच्या जोडीला गाणारा असतो, म्हणून चित्रावर सगळे सांगण्याचा भार नसतो. भिंतीवर टांगलेल्या प्रकल्पाला ही सोय नाही.

कोल्हापुरात हा विषय काढला की चित्रकार आणि चित्रपट-दिग्दर्शक बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांच्यापर्यंत जाणे ओघाने येते. मूळ आडनाव मेस्त्री, घराणे कारागिरांचे. आनंदराव पेंटर यांच्यासह ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. पडद्यावर राजवाडा, अरण्य, रस्ता सारे रंगवलेलेच असे आणि प्रेक्षक ते मान्य करून बसत. पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनीत मूकपट काढताना (‘सैरंध्री’, १९२०) त्यांनी रंगीत पडद्याऐवजी त्रिमित नेपथ्य उभे केले आणि पात्रे, वेशभूषा, हालचाली यांची रेखाटने आधी करून ठेवण्याची पद्धत ठेवली. आज ज्याला स्टोरीबोर्ड म्हणतात त्याच्या अगदी जवळचे हे काम. पडदे रंगवण्यात हात बसलेल्या माणसाने पडदा सोडावा, यात नियोजनाचे एक मर्म आहे: कथा कल्पित असली की तिच्या पायाखालची जमीन तेवढीच भक्कम लागते.

म्हणून कथाबीज ठरवताना एकच गोष्ट खोटी ठेवावी आणि बाकी सारे खरे असावे. उदाहरणासाठी रंकाळ्यापेक्षा दूर जायला नको. तलावाकाठच्या नंदीविषयी आख्यायिका अशी की तो रोज गव्हाच्या दाण्याएवढा तलावाकडे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागे येतो. तो पाण्यापर्यंत पोचेल त्या दिवशी प्रलय. आता विद्यार्थ्याने कल्पना केली की एके रात्री नंदी मागे यायचे विसरला. एवढेच खोटे. मग प्रश्न सुरू होतात. हे कोणाच्या लक्षात येईल? पुजाऱ्याच्या, पहाटे फिरायला येणाऱ्या निवृत्त मास्तरांच्या, की भेळेच्या गाडीवरच्या पोराच्या? ज्याच्या लक्षात येईल त्याला काय हवे आहे? आणि तांदूळ कोणता? हा प्रश्न थट्टेचा वाटतो, पण आजऱ्याचा घनसाळ आखूड दाण्याचा. गहू आणि घनसाळ यांत दोन मिलिमीटरांचा फरक धरला तर नंदी एरवीही वर्षाला ७३० मिलिमीटर पुढे जातो, म्हणजे शंभर मीटरला सुमारे १३७ वर्षे लागतात. हा हिशेब चित्रात कुठेच दिसणार नाही. तो केलेला असला की गोष्टीतली माणसे किती घाबरावीत हे ठरते.

खरेपणासाठी जागेवर जाऊन रेखाटने करावी लागतात. गंगावेशीतला दूधकट्टा, पंचगंगेचा घाट, कुंभार गल्लीतल्या अर्धवट मूर्ती, तालमीची दारे. यांतले जे लागेल ते पेन्सिलीने टिपावे. मोबाइलवर फोटो काढून घरी चित्र करणारे पुष्कळ, आणि फोटो घेऊ नयेत असे नाही. पण फोटोत सगळेच सारखे महत्त्वाचे होऊन येते, रेखाटनात डोळा निवड करतो. इथे कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांचे नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. कोटितीर्थ आणि रंकाळ्याच्या परिसरात त्यांनी केलेले काम पाहिले की एकाच पाण्याकडे पुन्हा पुन्हा जाण्याचा अर्थ समजतो.

रेखाटनांनंतर पात्रपत्रक. एकच पात्र समोरून, बाजूने, पाठमोरे, बसलेले. उंची किती डोक्यांची, सदऱ्याचा रंग कोणता. हे टाळले तर तिसऱ्या चौकटीतला म्हातारा सहाव्या चौकटीत दुसराच कोणी होतो. त्याच्याच जोडीला काडेपेटीएवढी कच्ची चित्रे, म्हणजे थंबनेल, काढावीत. एका ड्रॉइंग शीटवर वीस-पंचवीस बसतात आणि त्यांतली निम्मी खोडायचीच असतात. मराठी वाचक डावीकडून उजवीकडे पाहतो. पाण्याकडे जाणारा नंदी उजवीकडे सरकत असेल तर सगळ्या चौकटींत तो उजवीकडेच जायला हवा, नाहीतर तो परत फिरला असे वाटते.

माध्यम शेवटी निवडावे, पण सहसा ते आधीच ठरलेले असते आणि गोष्ट त्यात कोंबली जाते. मधोमध पिन मारलेल्या चित्रपुस्तकाची पृष्ठे चारच्या पटीत लागतात. स्टॉप-मोशनला, म्हणजे वस्तू जराजराशी हलवून एकेक छायाचित्र घेत केलेल्या चलच्चित्राला, सेकंदाला १२ छायाचित्रे धरली तरी एका मिनिटाला ७२० होतात. दिवसाला साठ जमली तर नुसत्या चित्रणाला बारा दिवस. देखाव्याचे मात्र कोल्हापूरकरांना सांगावे लागत नाही. गणेशोत्सवातील सजीव देखाव्यांत प्रकाश कधी पडतो, आवाज कुठून येतो, गर्दी कुठून वळते याचा विचार झालेला असतो. कलाविद्यार्थ्याने हे देखावे प्रेक्षक म्हणून न पाहता मांडवाच्या मागच्या बाजूने पाहावेत.

वेळापत्रकात पाऊस धरावाच लागतो. जून ते सप्टेंबर शाडू लवकर वाळत नाही, कागद दमट होतो आणि जलरंगाचा थर अपेक्षेप्रमाणे बसत नाही. त्यातच गणपतीचे दिवस. मूर्ती रंगवायला, मंडळाच्या कामाला हात देणारे विद्यार्थी कमी नसतात. रंगकाम या काळात आखले असेल तर ते दिवाळीवर जाते.

मजकूर किती, हा वादाचा मुद्दा. संवादाच्या फुग्यांत कोल्हापुरी बोली छान उतरते, पण प्रत्येक फुग्यात ‘नाद खुळा’ आणि ‘भावा’ आला की पात्र बोलेनासे होते, शहर बोलू लागते. सोपी कसोटी अशी: थंबनेलवरचा मजकूर झाकून ती घरच्या कोणालातरी, शक्यतो चित्रकलेशी संबंध नसलेल्याला, दाखवावीत आणि गोष्ट सांगायला लावावी. तो जिथे अडखळतो तिथे एक चौकट कमी आहे. जिथे तो ‘हे कळलं, पुढं सांग’ म्हणतो तिथे एक जास्त आहे. अडखळलेल्या जागी समजावणारी ओळ लिहिण्याचा मोह टाळावा.

दसरा चौकातील शाहू स्मारक भवनाच्या कलादालनासारख्या ठिकाणी मांडणी करायची असेल तर भिंतीची लांबी आधी मोजून घ्यावी. चित्राचा मध्य साधारण पाच फुटांवर ठेवला तर उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येतो. कच्च्या रेखाटनांची वही टाकून देऊ नये. परीक्षक ती मागतात, आणि नंदी कोणत्या तांदळाने मागे येतो याचे उत्तर तिच्यातच लिहिलेले असते.