आफ्रिकेतल्या खेड्यांत शाळा कोण बांधतं?

‘आफ्रिकेतल्या खेड्यात शाळा दिसली की समजावं, गोऱ्यांची देणगी!’ हा समज आपल्याकडे वर्षानुवर्षं पक्का बसलाय. निदान केनियापुरता तरी तो साफ चुकीचा आहे.

तिथे यासाठी ‘हरांबे’ आहे, म्हणजे गावानं वर्गणी काढून मिळून काम उभारायची रीत. मूळची ही स्वाहिली किनाऱ्यावरची, ओझं ओढतानाची आरोळी. आपल्या ‘जोर लगा के’सारखी. (ती ‘हर अंबे’वरून आली, ही गोष्ट रंजक आहे, पण तिला पुरावा नाही.) 1963 साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशाचे पहिले पंतप्रधान जोमो केन्याटांनी हीच राष्ट्रीय हाक केली. पुढच्या दशकात गावकऱ्यांनी उभारलेल्या माध्यमिक शाळा सरकारी शाळांहून जास्त झाल्या.

वर्गणीची सभा बघण्यासारखी असते. मैदानात मांडव, मध्ये टेबल, आणि कर्ण्यावरून नाव-रक्कम पुकारली जाते. रोकड नसेल तर कोंबडी, बकरी, मक्याचं पोतं आणायचं. तिथेच लिलाव होतो. पैसे कोंबडीचे नसतात, कौतुकाचे असतात! गावजत्रेत नारळाची बोली लागलेली पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

मात्र सगळं गोड नव्हतं. पुढारी जाडजूड पाकिटं देऊन मतं पेरायचे, अंमलदार गरिबांकडून सक्तीनं वसूल करायचे. म्हणून 2003 च्या कायद्यानं सरकारी पदाधिकाऱ्यांच्या वर्गणी गोळा करण्यावर बंधनं आणली. शिवाय भिंती वर्गणीतून उभ्या राहतात, पण शिक्षकाला पगार दर महिन्याला लागतो. अनेक हरांबे शाळा अडखळल्या त्या तिथेच.