साइड-स्कॅन आणि मल्टिबीम: बुडालेली युद्धजहाजं शोधताना कोणतं कुठे चालतं

महायुद्धात बुडालेलं एखादं जहाज सापडल्याची बातमी येते तेव्हा सोबत समुद्रतळाचं चित्र असतं. कधी ते एकरंगी, सोनेरी-तपकिरी असतं आणि जहाजामागे काळी लांब सावली पडलेली दिसते. कधी त्यावर तांबड्यापासून निळ्यापर्यंत रंग चढवलेले असतात आणि ते सगळ्या बाजूंनी फिरवून पाहता येतं. खाली दोन्हींना ‘सोनारचं चित्र’, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून काढलेलं चित्र, एवढंच लिहितात. पण ही दोन वेगळी यंत्रं आहेत. साइड-स्कॅन प्रतिध्वनी किती जोरात आला हे नोंदवतं. मल्टिबीम तो कोणत्या कोनातून, किती वेळाने आला हे मोजतं, म्हणजेच खोली मोजतं. कोणतं कुठे वापरायचं हे बहुतेक वेळा पाण्याची खोलीच ठरवते.

मल्टिबीम साधारणपणे शोधनौकेच्या तळाला बसवलेलं असतं. ते एका पिंगमध्ये, म्हणजे आवाजाच्या एका ठोक्यात, आवाजाचे शेकडो अरुंद किरण पंख्यासारखे खाली सोडतं. किरण १ अंश रुंद असेल तर ६० मीटर खोलीवर त्याचा ठसा साधारण १ मीटरचा पडतो, आणि त्यात तोफांचे बुरूजसुद्धा ओळखू येतात. तोच किरण अडीच हजार मीटरवर सुमारे ४३ मीटर पसरतो. ऑस्ट्रेलियाची क्रूझर ‘सिडनी’ २४६८ मीटरवर आहे. तिची लांबी १७१ मीटर, रुंदी १७. म्हणजे आडव्या बाजूने अख्खी क्रूझर एका ठशात हरवते आणि नकाशावर जेमतेम एक उंचवटा उरतो, तोही शेजारच्या खडकासारखाच.

म्हणून खोल समुद्रात यंत्रच तळाजवळ न्यावं लागतं. साइड-स्कॅनचा लांबट ‘मासा’, म्हणजे टोफिश, केबलला बांधून तळापासून थोड्या उंचीवर ओढतात. तिथून तो दोन्ही बाजूंना तिरपा आवाज टाकतो. लोखंडावरून प्रतिध्वनी लख्ख येतो, चिखलावरून मंद, आणि उभ्या वस्तूच्या मागे आवाज पोचतच नाही, तीच सावली. ‘सिडनी’ आणि तिच्याशी लढून बुडालेलं जर्मन ‘कोरमोरान’ मार्च २००८मध्ये असंच सापडलं. आधी कमी वारंवारतेच्या, खोल ओढायच्या साइड-स्कॅनने मोठा परिसर झाडून काढला, आधी ‘कोरमोरान’ दिसलं आणि काही दिवसांतच ‘सिडनी’.

मुंबईहून निघालेलं ‘सिटी ऑफ कैरो’ याहून खोल आहे. चांदीच्या रुपयांच्या पेट्या घेऊन जाणारं हे जहाज ६ नोव्हेंबर १९४२ला दक्षिण अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडी ‘यू-६८’ने बुडवलं. ते सुमारे ५१५० मीटरवर, डोंगररांगा आणि दऱ्यांच्या मुलखात पडलेलं आहे. तिथे नौकेच्या तळाला बसवलेल्या मल्टिबीमचा ठसा ९० मीटरचा होतो आणि एका पिंगला जाऊन येण्यासाठी जवळपास ७ सेकंद लागतात. तरीही अशा ठिकाणी आधी मल्टिबीमचा ढोबळ नकाशा करावाच. कडे कुठे आहेत हे माहीत नसेल तर मासा आपटतो, शिवाय कड्याची सावली जहाजावर पडून जहाज झाकून टाकते.

मासा ओढणं दिसतं तितकं सोपं नाही. एका बाजूला १०० मीटर पल्ला ठेवला असेल तर मासा तळापासून १० ते २० मीटर उंच हवा. त्याहून वर गेला की सावल्या आखूड होतात आणि उंचवटे सपाट दिसू लागतात. वेग ३-४ नॉट. माशाच्या अगदी खाली एक आंधळा पट्टा राहतो, म्हणून शेजारच्या फेऱ्या साधारण ८० मीटर अंतरावर घ्यायच्या, म्हणजे एकीचा आंधळा पट्टा दुसरी भरून काढते. अडीच हजार मीटरवर केबल कित्येक किलोमीटर सोडावी लागते आणि प्रत्येक वळणाला काही तास जातात.

सावलीवरून उंची काढता येते. मासा तळापासून २० मीटर वर, वस्तू त्याच्यापासून ६० मीटर बाजूला, सावली ४० मीटर लांब: ४० गुणिले २० भागिले १०० (६० अधिक ४०) म्हणजे ८ मीटर. हे गणित तळ सपाट असेल तरच खरं. उतारावर ते सहज फसवतं, म्हणून सावलीवरून काढलेली उंची कुणी ‘मोजलेली’ म्हणून सांगू नये. खऱ्या माशांचा थवाही जहाजासारखा ठळक दिसतो, पण तळापासून वर तरंगत असल्याने त्याची सावली त्याच्यापासून सुटलेली असते. शंका असेल तर काटकोनात दुसरी फेरी घ्यायची. खडक की लोखंड हा प्रश्न उरलाच तर मॅग्नेटोमीटर, म्हणजे लोखंडाचं चुंबकत्व टिपणारं यंत्र, ओढायचा.

साइड-स्कॅनची खरी कमजोरी जागेची आहे. केबल ३०० मीटर मागे असेल आणि प्रवाहाने मासा ५ अंश बाजूला ढकलला तर नकाशावरची खूण सुमारे २५ मीटर चुकते. माशाची जागा आवाजाने मोजणारी यंत्रणा नसेल तर शक्यतो प्रवाहाच्या दिशेने आणि त्याच्या उलट अशा फेऱ्या घेऊन सरासरी काढायची. डायव्हरसाठी या २५ मीटरला फार मोल आहे: शॉटलाइनचं, म्हणजे डायव्हर जिला धरून खाली उतरतात त्या दोरीचं, वजन गढूळ पाण्यात तेवढं बाजूला पडलं तर जहाज दिसतच नाही आणि तळावरचे मोजके मिनिट शोधण्यातच संपतात.

डायव्हर उतरू शकतात त्या खोलीत मल्टिबीमला तोड नाही. बँगॉर विद्यापीठाच्या ‘प्रिन्स मॅडॉग’ या नौकेने आयरिश समुद्रात मल्टिबीमनेच २७३ बुडालेली जहाजं मोजली. त्यांत १९१२मध्ये ‘टायटॅनिक’ला हिमनगाचा इशारा पाठवणारं आणि १९१८मध्ये टॉर्पेडोने बुडालेलं ‘मेसाबा’ ओळखू आलं. तळाचे अचूक आकडे, लांबी-रुंदी आणि जुने आराखडे जुळवल्यावर नाव लावता आलं. अंदाजे लांबी देणाऱ्या साइड-स्कॅनवर हे धाडस करू नये. नौकेचा वेग बदलला की तिथे जहाज ताणलं किंवा आखडलं जातं.

आता डुबीचं गणित. ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ ही ब्रिटिश युद्धनौका १० डिसेंबर १९४१ला बुडाली. मलेशियाच्या किनाऱ्याजवळ ती सुमारे ६८ मीटरवर जवळपास उलटी पडलेली आहे. तिथे १८ टक्के ऑक्सिजन आणि ४५ टक्के हेलियम असलेलं ट्रायमिक्स, म्हणजे ऑक्सिजन, हेलियम आणि नायट्रोजन यांचं श्वासाचं मिश्रण, घेतलं तर त्या खोलीवरच्या ७.८ बार दाबाला ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे त्यातला एकट्या ऑक्सिजनचा वाटा, १.४० बार येतो. पण प्रवाहाने जहाजाच्या कडेला खड्डा कोरलेला असतो. तो ६ मीटर खोल असला तर आकडा १.५१वर जातो, म्हणजे कामाच्या डुबीसाठीच्या १.४च्या मर्यादेबाहेर. साइड-स्कॅनवर खड्डा दिसतो, त्याची खोली कळत नाही. मिश्रण ठरवताना मल्टिबीमचा सर्वांत खोल आकडा घ्यावा आणि शॉटलाइन सर्वांत उंच बिंदूजवळ टाकावी.

मल्टिबीमचे आकडे मात्र डोळे मिटून घेऊ नयेत. पाण्यातल्या आवाजाच्या वेगाचा खोलीनुसार आलेख चुकला की सपाट तळाच्या दोन्ही कडा वर किंवा खाली वळतात. शोधनौकेच्या डोलण्याचा कोन अर्ध्या अंशाने चुकला तर ७० मीटर खोलीत १२० मीटर बाजूला सुमारे १ मीटरची चूक होते. म्हणून कामाआधी चाचणी हवीच: डोलण्यासाठी सपाट तळावर एकच रेषा उलटसुलट, नाक वरखाली होण्यासाठी तीच उतारावर, दिशेसाठी ठळक वस्तूच्या दोन बाजूंनी समांतर रेषा, वेळेच्या फरकासाठी एकच रेषा एकाच दिशेने दोन वेगांत. आणि सर्वांत घातक चूक संगणकावर होते. आकडे स्वच्छ करणारा फिल्टर एकांड्या बिंदूंना कचरा समजून पुसतो, आणि त्यात डोलकाठ्या आणि जहाजावर अडकून वर तरंगणारी मासेमारीची जाळीही जातात. डायव्हरला अडकवतात ती हीच जाळी. म्हणून न पुसलेले मूळ बिंदू मागून घ्यावेत.

जावा समुद्रात २७ फेब्रुवारी १९४२च्या लढाईत बुडालेल्या ‘डी राउटर’ आणि ‘जावा’ या डच क्रूझर २००२मध्ये सुमारे ७० मीटरवर सापडल्या होत्या. भंगारासाठी त्या बेकायदा उचलल्या गेल्याचं २०१६मध्ये उघड झालं, तेव्हा थ्रीडी सोनार चित्रांत त्यांच्या जागी तळावर फक्त ठसे उरले होते. साइड-स्कॅनवर असा खड्डा उलट क्रमाने दिसतो: यंत्राच्या बाजूला आधी सावली, मग पलीकडची कड उजळ. हा क्रम न ओळखणारा वाचक त्या खड्ड्याला अजूनही जहाज समजेल.