वेल्डिंग, नर्सिंग आणि फिलॉसॉफी एकाच कॉलेजात कशी आली?

वहिनी ग्रीन कार्डवर सिएटलजवळ राहायला गेली तेव्हा घराजवळच्या कम्युनिटी अँड टेक्निकल कॉलेजची कोर्सची यादी तिने मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आणि खाली लिहिलं, "भावजी, हे कॉलेज आहे का आयटीआय?" यादी बघून मीपण गोंधळलो. वेल्डिंग, डिझेल मेकॅनिक, बेकरी, नर्सिंग, कॅल्क्युलस, फिलॉसॉफी, ज्यांची हायस्कूल राहून गेली त्यांच्यासाठी डिप्लोमा, नवीन आलेल्यांसाठी इंग्रजीचे वर्ग, आणि आईबापांनी लहान पोरांना घेऊन येऊन बसायची बालवाडीसुद्धा.

आपल्या डोक्यात या सगळ्याचे कप्पे वेगळे असतात ना, आयटीआय एकीकडे, पॉलिटेक्निक दुसरीकडे, डिग्री कॉलेज तिसरीकडे, आणि दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरणारा तर कुठल्याच कँपसवर नाही. तिकडे हे एकत्र आलं ते कुणी एका बैठकीत ठरवून नाही, गरज पडेल तशी एकेक भर पडत गेली, म्हणून ती यादी नीट कळायची असेल तर थोडं मागे जावं लागतं.

सुरुवात १९०१ ची, इलिनॉय राज्यातलं जोलिएट गाव. शिकागो युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट विल्यम रेनी हार्पर यांचं म्हणणं होतं की डिग्रीची पहिली दोन वर्षं युनिव्हर्सिटीबाहेर शिकवता येतील. जोलिएटच्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राऊन यांनी ते मनावर घेतलं आणि हायस्कूलच्याच इमारतीत पुढचे वर्ग सुरू केले, विद्यार्थी किती तर ६. याला ज्युनिअर कॉलेज म्हणायला लागले. आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी, तिकडे म्हणजे बारावीनंतरची दोन वर्षं, तेरावी-चौदावी म्हणा हवं तर. तेव्हा हातकामाचं काही नव्हतं, सगळं पुस्तकी, दोन वर्षं इथे करायची आणि पुढे युनिव्हर्सिटीत जायचं. यादीतली कॅल्क्युलस आणि फिलॉसॉफी या धाग्यातली आहे.

हातकामाचा धागा वेगळाच. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शेती, कारागिरी आणि गृहविज्ञान शिकवायला केंद्राचा पैसा मिळायला लागला, पण तो शाळांच्या बाजूने गेला. मग दुसरं महायुद्ध आलं. सिएटलच्या शेजारी रेंटनला बोइंगच्या कारखान्यात बी-२९ विमानं बनत होती आणि माणसं कमी पडत होती, तेव्हा युद्धउत्पादनासाठी कामगार तयार करायची शाळा तिथे निघाली, तेच आजचं रेंटन टेक्निकल कॉलेज.

युद्ध संपायच्या आधीच, १९४४ ला जीआय बिल आलं, सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला आणि जवळपास ७८ लाख लोकांनी त्यातून काही ना काही शिकून घेतलं. यातले बरेचसे घरातले पहिलेच शिकणारे, हे मला फार मोठं वाटतं. १९४७ ला प्रेसिडेंट ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने सांगितलं की अशी कॉलेजं गावोगावी पाहिजेत आणि चौदावीपर्यंतचं शिक्षण फुकट पाहिजे. फुकट काही झालं नाही पण 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव तिथूनच रुळलं.

नर्सिंगची गोष्ट मला या सगळ्यात जास्त आवडते. आधी नर्स व्हायचं म्हणजे साधारण तीन वर्षं हॉस्पिटलच्या शाळेत राहायचं, शिकता शिकता वॉर्डातली कामंही तुम्हीच ओढायची. युद्धानंतर नर्सेस कमी पडायला लागल्या तेव्हा मिल्ड्रेड माँटॅग नावाच्या बाईंनी पीएचडीच्या पातळीच्या अभ्यासातून मांडलं की हे शिक्षण दोन वर्षांत, कॉलेजात, बाकीच्या विद्यार्थ्यांसारखं वर्गात बसून होऊ शकतं, आणि १९५२ ला सात कॉलेजांत प्रयोग सुरू झाला. तो चालला. लग्न झालेली, मुलंबाळं असलेली बाई घरी राहून नर्स होऊ शकते हे त्यामुळे शक्य झालं.

सिएटल ज्या राज्यात आहे त्या वॉशिंग्टन राज्यात १९६७ ला कायदा झाला आणि कम्युनिटी कॉलेजं शाळांच्या बोर्डांकडून काढून राज्याच्या एका व्यवस्थेत आणली. या कायद्याने दार उघडं ठेवायचं ठरवलं, म्हणजे मार्कांची चाळणी लावून कुणाला नाकारायचं नाही, आणि युनिव्हर्सिटीला जायचे विषय, नोकरीचे कोर्स, मोठ्यांचं राहिलेलं शिक्षण, गावासाठीचे वर्ग, हे सगळं कॉलेजचंच काम धरलं. पुढे १९७५ ला व्हिएतनामचे निर्वासित आले, गव्हर्नर डॅन इव्हान्स यांनी त्यांना स्वतःहून राज्यात बोलावलं, आणि इंग्रजी शिकायची गरज असलेले लोक तेव्हापासून येतच राहिले.

पण टेक्निकल संस्था अजूनही शाळांच्याच बोर्डांकडे होत्या. १९९१ ला बेट्स, बेलिंगहॅम, क्लोव्हर पार्क, लेक वॉशिंग्टन आणि रेंटन या पाच संस्था या व्यवस्थेत आल्या आणि राज्यातल्या कारभाराचं नावच 'कम्युनिटी अँड टेक्निकल' झालं. आज एकूण ३४ कॉलेजं आहेत. त्याच सुमाराला हायस्कूलच्या पोरांना शेवटच्या दोन वर्षांत इथे येऊन कॉलेजचे विषय घ्यायची सोय झाली, रनिंग स्टार्ट म्हणतात तिला, सिएटलकडच्या कुठल्याही मराठी घरात दहावी-अकरावीचं पोर असेल तर हा शब्द कानावर पडतोच.

एक अडचण मात्र राहिली होती. इंग्रजी कच्चं असलेल्याला आधी इंग्रजी, मग कोर्स, असं सांगायचे आणि इंग्रजीतच दोनतीन वर्षं जायची, घर चालवायचं असतं हो माणसाला, मध्येच सोडून द्यायचे. म्हणून २००४ च्या आसपास आय-बेस्ट नावाची पद्धत आणली, एकाच वर्गात दोन शिक्षक, एक कामाचं शिकवणारा आणि एक भाषा सांभाळणारा.

वहिनीने नर्सिंग असिस्टंटच्या अशाच बॅचला नाव घातलंय, जानेवारीच्या क्वार्टरला सुरू होईल. परवा फोनवर रक्तदाब घ्यायच्या पट्ट्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला विचारत होती, म्हटलं कफ, तर म्हणाली अहो कफ तर छातीत असतो.