हक्क (मराठवाड्यातील कायदा-व्यवहार)

हक्क : कायद्याने मान्य केलेली आणि कोणी अडवली तर न्यायालयातून मिळवता येणारी मागणी. सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. हक्काला मर्जी लागत नाही. शब्द मूळचा अरबी, पण मराठीत पुरता मुरलेला.

मराठवाड्यात हा फरक उशिरा रुजला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली आणि २६ जानेवारी १९५० रोजी संविधान लागू झाले. सोळा महिन्यांत रयतेचे नागरिक झाले. ‘गश्ती निशान ५३’ या निजामी फर्मानामुळे सभेला आधी सरकारी परवानगी लागे. शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमणे आता अनुच्छेद १९ खाली मूलभूत हक्क आहे, वाजवी निर्बंधांसह. अर्जाची भाषा मात्र मागेच रेंगाळली. ‘मे. तहसीलदार साहेब’ असे आजही लिहितात. यातला ‘मे.’ म्हणजे मेहेरबान! हक्काची वस्तू मागायची आणि सुरुवात मेहेरबानीने करायची, ही आपली जुनी खोड.

मूलभूत हक्क संविधानाच्या भाग ३ मध्ये आहेत. ते मुख्यतः शासनाविरुद्ध बजावायचे असतात. शेजाऱ्याने बांध कोरला तर तो दिवाणी दावा. अटक झालेल्याला कारण कळले पाहिजे, पसंतीचा वकील भेटला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे (अनुच्छेद २२). हक्क डावलला तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट (शासनाला आदेश द्यावा अशी मागणी करणारी याचिका) करता येते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर पंचवीस वर्षे त्यासाठी नांदेड-परभणीच्या माणसाला मुंबई गाठावी लागे; औरंगाबादचे (आता छत्रपती संभाजीनगर) खंडपीठ १९८१ मध्ये सुरू झाले. वकिलाची फी हीही अडचणच. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

विद्यार्थ्याचा रोजचा संबंध येतो तो दाखल्यांशी. प्रवेशाच्या दिवसांत जातीचा, उत्पन्नाचा दाखला ‘उद्या या’त अडकतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित (म्हणजे सरकारने या कायद्याखाली जाहीर केलेली) सेवा ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते. नाकारली वा रखडली तर अपील करता येते आणि कसूर ठरल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्ज देताच पोच मागून घ्यावी. ती नसेल तर मुदत कधी सुरू झाली हे दाखवणे अवघड जाते.